प्रवास की वाटचाल? पायी प्रवासाच्या आरंभकालाचे मराठी गद्य आणि भामरागडची कसोटी

१. प्रश्नाची मांडणी

लांब पल्ल्याच्या पायी प्रवासाचे पहिले काही आठवडे त्या प्रवासाच्या उरलेल्या भागाहून गुणतः वेगळे असतात, हे असे प्रवास केलेल्या सर्वांच्याच लेखनातून दिसून येते. शरीर अद्याप चालण्याला सरावलेले नसते, पाठीवरचे ओझे गरजेपेक्षा अधिक असते, पायाला फोड आलेले असतात आणि मन मागे राहिलेल्या घरात गुंतलेले असते. अमेरिकेतील ॲपलेशियन पर्वतरांगेवरील सुमारे ३५०० किलोमीटरच्या पायवाटेची कल्पना बेंटन मॅकाय याने १९२१ साली मांडली आणि १९३७ साली ती वाट अखंड झाली. १९४८ साली अर्ल शॅफर याने ती एका दमात चालून पूर्ण केल्यानंतर तिच्यावर चालणाऱ्यांच्या रोजनिशांचा एक वाङ्मयप्रकारच इंग्रजीत रूढ झाला. त्या रोजनिशांचा आरंभ बहुधा ठराविक असतो : दिवसाचे अंतर, ओझ्याचे वजन, पायांची अवस्था, टाकून दिलेल्या वस्तूंची यादी आणि सोबत्यांनी बहाल केलेले नवे, केवळ वाटेपुरते नाव.

मराठीत डोंगरवाटांवरील अशा सलग प्रवासाचे वाङ्मय फारसे नाही. परंतु महिनोन्महिने पायी चालण्याचे वाङ्मय मात्र जुने आणि समृद्ध आहे. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’, इरावती कर्वे यांचा ‘वाटचाल’ हा लेख, गो. नी. दांडेकर यांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ आणि नर्मदा-परिक्रमेवरील अलीकडची पुस्तके ही त्याची ठळक उदाहरणे होत. ह्या लेखनाची समीक्षा आजवर प्रायः इतिहासाचे साधन, भक्तिभावाचा आविष्कार किंवा निसर्गवर्णन ह्या तीन अंगांनी झालेली आहे. प्रस्तुत निबंधात तिची तपासणी भाषेच्या अंगाने, आणि तीही केवळ आरंभकालापुरती, करावयाची आहे. ह्या तपासणीसाठी जी कसोटी योजिली आहे ती मात्र ह्या पुस्तकांच्या बाहेरची आहे. ती म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातील भामरागडचा प्रदेश, जेथे चालणे हा अपवाद नसून दिनक्रम होता व बऱ्याच अंशी आजही आहे.

२. चालण्याचे शब्द

प्रथम शब्दांचा विचार केला पाहिजे. पायी चालण्याच्या दीर्घ कृतीस मराठीत एक नाव नाही. अनेक आहेत, आणि प्रत्येकाच्या पोटात एक वेगळी कल्पना दडलेली आहे. ‘यात्रा’ हा शब्द ‘या’ म्हणजे जाणे ह्या धातूपासून आला आहे. तेथे गंतव्याला महत्त्व आहे. ‘परिक्रमा’ शब्दात ‘क्रम्’ म्हणजे पाऊल टाकणे हा धातू आहे. तेथे गंतव्य आणि आरंभस्थान एकच असते. ‘वारी’मध्ये पुनरावृत्ती अभिप्रेत आहे, एकदाच केलेली ती वारी नव्हे. ‘भ्रमण’ निर्हेतुक फिरणे सुचविते.

‘प्रवास’ हा शब्द मात्र ह्या सर्वांहून निराळा आहे. त्यात चालण्याचा, जाण्याचा वा फिरण्याचा धातू मुळीच नाही. ‘प्र’ आणि ‘वस्’ ह्यांपासून तो बनला असून त्याचा मूळ अर्थ घरापासून दूर राहणे असा आहे. संस्कृत काव्यातील प्रोषितभर्तृका ही नायिका ह्याच धातूची साक्ष देते. म्हणजे ज्याला ‘वास’ आहे त्यालाच ‘प्रवास’ संभवतो. आणि जो आपल्याच मुलखात चालतो त्याचे चालणे, कितीही दीर्घ असले तरी, शब्दाच्या मूळ अर्थाने प्रवास ठरत नाही. ही केवळ व्युत्पत्तीची गंमत नव्हे. प्रवासवर्णन ह्या वाङ्मयप्रकाराने कोणाचे चालणे लिहिण्याजोगे मानले आणि कोणाचे मानले नाही, ह्याची किल्ली ह्या धातूत आहे.

‘वाट’ हा शब्द संस्कृत ‘वर्त्मन्’पासून प्राकृतातून मराठीत उतरला आणि येथे त्याचा संसार मोठा झाला. वाटसरू, वाटाड्या, वाटखर्ची, वाटमारी, आडवाट, पायवाट, वाट पाहणे, वाट चुकणे, वाट लागणे इतका विस्तार ‘मार्ग’ किंवा ‘रस्ता’ ह्यांपैकी कोणालाही लाभलेला नाही. ‘वाटचाल’ ह्या समासात वाट आणि चाल ही दोनच पदे आहेत; घर नाही आणि गंतव्यही नाही. प्रस्तुत निबंधाचे प्रमेय असे की, पायी प्रवासाच्या मराठी गद्यात पहिल्या काही आठवड्यांत जे घडते ते ‘प्रवासा’चे ‘वाटचाली’त रूपांतर होय, आणि हे रूपांतर कितपत खरे झाले, हे लेखकाच्या सर्वनामांवरून ओळखता येते.

३. ‘आम्ही’ आणि ‘आपण’

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. ‘आम्ही’मध्ये ऐकणारा वगळलेला असतो, ‘आपण’मध्ये तो सामावलेला असतो. हा भेद द्राविड भाषाकुलात जुना आहे आणि मराठीत तो द्राविड संपर्काने दृढ झाला असावा, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. शेजारच्या बहुतेक आर्यभाषांत तो इतका नियमित नाही. म्हणून पायी चालणाऱ्या मराठी लेखकाला इंग्रजी लेखकास न पडणारी एक निवड पदोपदी करावी लागते : वाटेत भेटलेल्या माणसासह मी ‘आपण’ होतो, की त्याच्यासमोर ‘आम्ही’च राहतो?

४. गोडसे भटजी : दोघांचे ‘आम्ही’

विष्णुभट गोडसे १८५७ साली कुलाब्याकडील वरसई ह्या गावाहून आपल्या चुलत्यांसह उत्तरेकडे निघाले. घरी कर्ज होते आणि मथुरेस बायजाबाई शिंदे ह्या सर्वतोमुख यज्ञ करणार असून तेथे मोठी दक्षिणा मिळेल अशी वार्ता होती. हकीकत लिहिली गेली ती १८८३च्या सुमारास, चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून; आणि वैद्यांनी तिच्यावर संस्कार करून १९०७ साली ती प्रसिद्ध केली. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदार यांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९६६ साली आली.

ह्या पुस्तकाची कीर्ती झाशीच्या वेढ्याच्या प्रत्यक्षदर्शी वर्णनावर आधारलेली आहे. त्यामुळे वरसईपासून महूपर्यंतचा आरंभीचा भाग वाचक ओलांडून पुढे जातो. वस्तुतः पुस्तकाची भाषा घडते ती ह्याच भागात. येथील ‘आम्ही’ हे प्रथम चुलता-पुतण्याचे, म्हणजे एका घराचे आहे. मजल, मुक्काम आणि कोस ही तीन मापे वाक्यांना लय देतात. त्यांतील ‘मजल’ व ‘मुक्काम’ हे अरबीतून आलेले आणि ‘कोस’ हा ‘क्रोश’ शब्दाचा वंशज. भिक्षुकाच्या तोंडी ते कोणत्याही भेदाशिवाय एकत्र नांदतात. सातपुडा ओलांडून महूच्या अलीकडे पोहोचल्यावर शिपायांकडून काडतुसांची आणि येऊ घातलेल्या उठावाची वार्ता कानी येते. दक्षिणेसाठी निघालेली माणसे त्या क्षणी इतिहासाच्या वाटेवर येतात. परंतु गद्याचा स्वर चढत नाही. तोवरच्या मजलांनी लेखकाला एक सवय लावलेली असते : जे भेटेल ते, ज्या क्रमाने भेटले त्या क्रमाने, सांगावयाचे. झाशीच्या वर्णनाची विश्वासार्हता ही ह्या सवयीची मिळकत आहे. वैद्यांच्या संस्कारित पाठात ही चाल सुघड होते. म्हणून पायी प्रवासाच्या भाषेचा अभ्यास करणाऱ्याने १९६६च्या पाठाकडेच वळले पाहिजे.

तथापि गोडसे यांचे ‘आम्ही’ फारसे विस्तारत नाही. वाटेत भेटलेली माणसे वार्ता सांगतात, आसरा देतात, लुटतात. ती ‘आपण’मध्ये येत नाहीत. पुस्तकाचे ‘माझा प्रवास’ हे नाव ह्या अर्थाने अचूक आहे : हे घरापासून दूर राहणे आहे, आणि गंगेची कावड घेऊन घरी परतण्यात ते संपते.

५. इरावती कर्वे : अडलेले ‘आपण’

‘परिपूर्ति’ ह्या १९४९च्या संग्रहातील ‘वाटचाल’ हा लेख आळंदी ते पंढरपूर ह्या सुमारे अडीचशे किलोमीटरच्या वाटेवर दिंडीबरोबर चालण्याच्या अनुभवावर आहे. वारीतील संबोधन सर्वांना एकच असते : ‘माउली’. ॲपलेशियन वाटेवर प्रत्येकास वेगळे नवे नाव मिळते. वारीत सर्वांना मिळून एकच नाव मिळते. दोन्ही ठिकाणी घरचे नाव गळून पडते, परंतु एका ठिकाणी त्यातून व्यक्ती घडते आणि दुसऱ्या ठिकाणी समुदाय.

लेखिका मानवशास्त्रज्ञ होत्या; म्हणून समुदायाच्या ह्या दाव्याची परीक्षा त्यांनी केली. एकच अभंग म्हणणाऱ्या, एकाच वाटेने चालणाऱ्या दिंडीत ब्राह्मणांची आणि मराठ्यांची पंगत वेगळी बसते हे त्यांनी नोंदविले, आणि त्या नोंदीची टोचणी लपविली नाही. लेखाचे खरे सामर्थ्य येथे आहे. चालताना ‘आपण’ असलेली माणसे मुक्कामाला ‘आम्ही’ आणि ‘ते’ होतात. पंढरीस जाणाऱ्या लोकांचा देश तो महाराष्ट्र, ह्या आशयाचा लेखातील सिद्धान्त पुढे पुष्कळांनी उद्धृत केला. त्याच्याच शेजारची पंगतीची हकीकत मात्र तितक्या वेळा उद्धृत झाली नाही. सिद्धान्त आणि टोचणी एकत्र वाचल्यावाचून ‘वाटचाल’ हे नाव कसे सार्थ आहे ते कळत नाही. चाल अजून पुरी झालेली नाही, असेच ते नाव सांगते. एक मर्यादा मात्र राहते : पंढरीच्या वाटेबाहेरचा महाराष्ट्र ह्या व्याख्येत कोठे बसतो, हा प्रश्न लेखाच्या कक्षेबाहेर आहे. भामरागड नेमके तेथे आहे.

६. शूलपाणीची झाडी

नर्मदा-परिक्रमेत नदी नित्य उजव्या हाताला ठेवावयाची असते. म्हणून ओंकारेश्वराहून निघालेला परिक्रमावासी दक्षिण तटाने पश्चिमेस जातो, आणि बडवानी ओलांडल्यावर, म्हणजे आरंभीच्या आठवड्यांतच, तो शूलपाणीच्या झाडीत शिरतो. परंपरेने जिचा काल तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस सांगितला आहे त्या यात्रेतील हा प्रवेशद्वारासारखा भाग होय. येथील भिल्लांना परिक्रमावासी ‘मामा’ म्हणतात. आणि ते वाटसरूचे सर्व सामान काढून घेतात, अशी ख्याती आहे.

जगन्नाथ कुंटे यांचे ‘नर्मदे हर हर’, भारती ठाकूर यांचे ‘नर्मदा परिक्रमा : एक अंतर्यात्रा’ इत्यादी पुस्तकांनी ही वाट हजारो मराठी वाचकांच्या परिचयाची केली. त्यांच्या आधी गो. नी. दांडेकर यांनी १९५७ साली ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ लिहून परिक्रमेला कादंबरीचे रूप दिले. त्या नावातील ‘कुणा एकाची’ हे अनिश्चित सर्वनाम लक्षणीय आहे. लेखकाने स्वतःचे चालणे स्वतःच्या नावावर घेतलेले नाही. परिक्रमेच्या साधनेत जो अहंकार गळावयाचा असतो, तो येथे व्याकरणाने गाळला आहे.

परंतु ह्या परंपरेतील लुटीच्या प्रसंगाची एक साहित्यिक रूढी होऊन बसली आहे, आणि तिची चिकित्सा होणे अगत्याचे आहे. रूढी अशी : सर्वस्व हरपल्यावर वाटसरूला वैराग्याचा लाभ होतो, आणि ज्याने लुटले तो अजाणता गुरू ठरतो. आध्यात्मिक दृष्टीने हा अर्थ सुंदर आहे. वाङ्मयीन दृष्टीने पाहता त्यात एक माणूस दुसऱ्याच्या साधनेचे उपकरण बनतो. ‘मामा’ हे नात्याचे संबोधन आहे. पण नाते सांगूनही मामाला स्वतःचे नाव, स्वतःचे घर आणि स्वतःचे वाक्य क्वचितच मिळते. ॲपलेशियन वाटेवरचा चालणारा आरंभीच्या आठवड्यांत जादा सामान स्वतः टाकतो. नर्मदातटी ते दुसरा काढून घेतो. ओझे हलके होण्याची क्रिया एकच आहे. फरक इतकाच की येथे तिच्यात एक गरीब माणूस गुंतलेला आहे, आणि त्याच्या गरिबीविषयी गद्य थोडके बोलते. सरदार सरोवराची भिंत २०१७ साली १३८.६८ मीटर उंचीसह पुरी झाली. शूलपाणीच्या झाडीचा मोठा भाग, आणि त्याबरोबर जुन्या पुस्तकांतील वाटही, आज पाण्याखाली आहे. ‘मामा’ विस्थापित झाला. त्याचे वैराग्य मात्र कोणी वर्णिले नाही.

७. भामरागडची कसोटी

ह्याच ठिकाणी भामरागडकडे वळणे प्राप्त होते. दोन प्रदेशांत एक जिवंत दुवाही आहे. हेमलकशाचा लोक बिरादरी प्रकल्प १९७३ साली सुरू करणारे बाबा आमटे यांनी इचमपल्ली व भोपालपट्टणम् ह्या धरणांच्या योजनांना १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात विरोध केला; त्या योजनांत इंद्रावती-गोदावरीच्या खोऱ्यातील माडियांचे अरण्य बुडणार होते. पुढे १९९० साली ते नर्मदातटी कसरावद येथे राहावयास गेले. भामरागडचे अरण्य वाचले. शूलपाणीचे वाचले नाही.

भामरागड येथे पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती ह्या तीन नद्या एकत्र येतात. पलीकडे छत्तीसगडचे अबुझमाड आहे. १९८२ साली गडचिरोली जिल्हा वेगळा होईपर्यंत हा भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता. येथील माडिया गोंड हा कातकरी व कोलाम यांच्यासह महाराष्ट्रातील तीन विशेष दुर्बल आदिम जमातींपैकी एक. त्यांची माडिया ही बोली द्राविड कुलाच्या दक्षिण-मध्य शाखेतील गोंडी समूहात मोडते. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. अलीकडच्या वर्षांतही हे घडलेले आहे. वाट येथे ऋतूप्रमाणे बदलते : उन्हाळ्यात जी नदी पायाने ओलांडावयाची, ती पावसाळ्यात डोंग्याने ओलांडावी लागते. लाहेरीच्या पुढे डोंगरावरील बिनागुंडासारख्या गावांकडची वाट ही दीर्घकाल केवळ पायांचीच वाट होती. बाजाराला जाणे, मिठासाठी जाणे, नातलगांकडे जाणे, रोग्याला खाटेवर घालून कावडीसारखे खांद्यावरून दवाखान्यात नेणे, हे सर्व चालणेच. इंद्रावतीपलीकडून अनेक दिवस चालत रोगी हेमलकशाला येत असत.

ह्या चालण्याला मराठी वाङ्मयात नाव कोणते? यात्रा नव्हे, परिक्रमा नव्हे, आणि आधी सांगितलेल्या व्युत्पत्तीने प्रवासही नव्हे. कारण येथे कोणी घरापासून दूर राहत नाही, घराचा विस्तारच चालून पुरा केला जातो. नाव नसल्याने वाङ्मयप्रकार नाही, आणि वाङ्मयप्रकार नसल्याने हे चालणे दुसऱ्याच्या पुस्तकात वाटाड्याच्या रूपाने तेवढे प्रवेश करते. वाटाड्या हा प्रवासवर्णनातील सर्वांत जाणता आणि सर्वांत अबोल पुरुष होय. तो आरंभीच्या पानांत भेटतो. लेखक सरावला की तो दिसेनासा होतो.

डॉ. प्रकाश आमटे यांचे २००९ साली प्रसिद्ध झालेले ‘प्रकाशवाटा’ हे आत्मकथन ह्या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. ते प्रवासवर्णन नव्हे, परंतु त्यातील आरंभकालाची रचना दीर्घ पायी प्रवासाच्या आरंभासारखीच आहे : रस्त्याचा अभाव, अंगावरचे जादा कपडे गळून पडणे, स्थानिकांचे दुरून पाहणे आणि पळून जाणे, आणि भाषा न कळणे. ह्या शेवटच्या अडचणीवरचा उपाय मात्र निराळा आहे. रोगी बोलू लागावा म्हणून डॉक्टरांनी माडिया शिकली. गोडसे यांना वाटेवर मराठी-हिंदुस्थानीने भागत होते, परिक्रमावासीयाला ‘नर्मदे हर’ इतके पुरते. येथे मात्र नव्याने आलेल्या माणसालाच भाषेचा विद्यार्थी व्हावे लागले. जाणत्या-अजाणत्याचा संबंध उलटला, आणि म्हणून ह्या गद्यातील ‘आम्ही’ कार्यकर्त्यांपुरते असूनही ते बंद राहत नाही. रूढीप्रमाणे ‘आदिवासी’ हे तृतीयपुरुषी अनेकवचन येतेच. परंतु ज्याची भाषा शिकावी लागली त्याला केवळ उपकरण मानणे गद्यालाही अवघड जाते.

विलास मनोहर यांची ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ ही कादंबरी एक पाऊल पुढे टाकते. माडिया माणूस तिच्यात वाटाड्या नाही. तो केंद्रस्थानी आहे, आणि अरण्यातील त्याचे चालणे हे कथानकाचे चालणे आहे. येथे बाहेरून येणारा जो असतो, मग तो सरकारी कर्मचारी असो, ठेकेदार असो वा बंदूकधारी असो, तो परका ठरतो. वाचकाला प्रथमच वाट आतून दिसते. तरीही ही कादंबरी मराठीत, बाहेरून येऊन तेथे राहिलेल्या लेखकाने लिहिलेली आहे, हे विसरता येत नाही. सहानुभूतीने मिळालेला ‘आपण’ आणि बोलणाऱ्याने स्वतः उच्चारलेला ‘आपण’ ह्यांत अंतर असतेच.

८. उपसंहार

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, दीर्घ पायी प्रवासाचे आरंभीचे आठवडे हे मराठी गद्यात प्रस्तावनेसारखे ओलांडून जाण्याचे स्थळ नव्हे. लेखकाची वाक्यलय, मापे आणि सर्वनामे तेथेच ठरतात, आणि पुढील वर्णनाची विश्वासार्हता त्यांवर अवलंबून असते. दुसरी अशी की, ‘आम्ही’ व ‘आपण’ हा मराठीतील भेद समीक्षेचे एक नेमके साधन होऊ शकतो. गोडसे यांच्यात ‘आम्ही’ घरापुरते राहते, कर्वे यांच्यात ‘आपण’ पंगतीपाशी अडते, परिक्रमावाङ्मयात ते नदीशी जुळते पण तीरावरच्या माणसाशी जुळताना कचरते, आणि हेमलकशाच्या गद्यात ते परभाषेच्या उंबरठ्यावर उभे राहते.

तिसरी गोष्ट अभ्यासाच्या दिशेविषयी आहे. २०११ साली गडचिरोलीस गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. भामरागडच्या वाटा ज्यांच्या पायाखालच्या आहेत अशा घरांतील विद्यार्थी तेथे आणि अन्यत्रही पदव्युत्तर वर्गापर्यंत पोहोचू लागले आहेत. त्यांनी मराठी प्रवासवाङ्मयाचा अभ्यास करावा ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु त्यांच्या घरच्या चालण्याच्या हकीकती, वाटांची व वळणांची नावे, नदी ओलांडण्याच्या खुणा, दवाखान्यापर्यंतच्या दिवसांचा हिशेब, हे सर्व माडियात आहे आणि ते माडियातच प्रथम नोंदले गेले पाहिजे. अनुवाद नंतर करता येईल. रस्ते आणि पूल होणे अत्यंत आवश्यक आहे. पुरात अडलेल्या रोग्याला पायवाटेचे काव्य उपयोगी पडत नाही. पण डांबरी रस्ता झाला की पायवाटेचे शब्द एका पिढीत विरळ होतात, हाही भाषाभ्यासाचा सर्वत्रचा अनुभव आहे. रस्ता पोहोचण्याच्या आधी टाचण पोहोचले पाहिजे. आणि ते टाचण करणारा हात त्या वाटेवर वाढलेला असेल, तर मराठी समीक्षेला आजवर न मिळालेले एक वाक्य मिळेल, जे वाटाड्याने स्वतः उच्चारलेले असेल.